इटलीच्या घरगुती चुलीपाशी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यात आमच्या धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सव-समितीच्या चिटणीसांनी आजच्या भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी ‘इटलीतील घरगुती स्वयंपाक’ असे उत्तर दिले. ते ऐकून ते सद्गृहस्थ क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहातच राहिले. पाद्र्याने स्वयंपाकावर बोलावे, आणि तेही ज्या मातामाउलींनी तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे चुलीपुढे घालविली त्यांच्यासमोर, हे धाडस खरेच. शिवाय गेले चार दिवस या मंडपामागे ज्या भगिनी मोठमोठ्या टोपांतून आपणा सर्वांसाठी शिजवीत आहेत, त्यांच्यापुढे माझी पाककला ती काय! परंतु मी त्यांस शिकवावयास उभा राहिलेलो नाही. माझे आजचे बोलणे मुख्यत्वेकरून पुढच्या खुर्च्यांवर विराजमान झालेल्या पुरुषमंडळींसाठी आहे. ही गोष्ट मी चिटणीसांना आधी कळविली नव्हती. त्याबद्दल त्यांनी मला क्षमा करावी.

इटालियन जेवण म्हणजे चीज आणि सॉस यांत बुडालेला पिझ्झा, अशी आपल्या तरुण मंडळींची समजूत होऊन बसली आहे. पिझ्झा हा नेपल्स शहराचा पदार्थ, व तोही लाकडाच्या प्रखर भट्टीवर कसबी कारागिराने करावयाचा. इटलीतील गृहिणीची रोजची चूल त्याहून अगदी निराळी. इटलीचे एक राष्ट्र झाले ते १८६१ साली. तत्पूर्वी तो अनेक लहानमोठ्या राज्यांचा प्रदेश होता. म्हणून तेथे खोऱ्याखोऱ्यागणिक स्वयंपाक बदलतो. उत्तरेस लोणी, तांदूळ व मक्याच्या पिठाचा पोलेंता. दक्षिणेस जैतुनाचे तेल, वाळविलेला पास्ता व टोमॅटो. मध्यभागी टस्कनीत घेवडा आणि पाव. टस्कनीच्या लोकांस बाकीचे इटालियन थट्टेने ‘घेवडेखाऊ’ असेही म्हणतात. पण या सर्व चुलींस जोडणारा धागा एकच आहे. वस्तू थोड्या, पण हंगामातील व चांगल्या. त्यांवर संस्कार बेताचा. आणि घरात आलेल्या अन्नाची नासाडी नाही. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या दिल्लीतच भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत या इटालियन पाकपरंपरेस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान देण्यात आले. तो मान बड्या उपाहारगृहांच्या खानसाम्यांपेक्षा घरोघरीच्या आजीबाईंचा अधिक आहे, असे मी समजतो.

अशाच एका आजीबाईंची ओळख आपणांस करून द्यावयाची आहे.

१९९९ च्या उन्हाळ्यात, रोम येथे माझे अध्ययन चालू असता, सुटीच्या दिवसांत मला टस्कनीच्या उत्तरेकडील गार्फान्याना नावाच्या डोंगराळ भागात एका वृद्ध धर्मगुरूंच्या मदतीस पाठविण्यात आले. सेर्क्यो नदीचे ते खोरे चेस्टनटच्या झाडांनी भरलेले आहे. चेस्टनट म्हणजे काटेरी कवचातील एक पिठूळ फळ. ते धुरावर वाळवून दळीत आणि त्या पिठाच्या पोळ्या करीत. ज्या डोंगरात गहू पुरेसा पिकत नसे, तेथे गरिबाचे पोट यावरच भरे; म्हणून त्यास लोक ‘पावाचे झाड’ म्हणत.

त्या धर्मगुरूंच्या घरी स्वयंपाकास ह्या आजीबाई होत्या. धर्मगुरूंच्या घरी राबणाऱ्या बाईस इटलीत ‘पर्पेतुआ’ असे म्हणतात. आलेस्सांद्रो मांझोनी यांच्या ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ या सुविख्यात कादंबरीतील पाद्र्याच्या मोलकरणीचे ते नाव. पुढे ते अशा सर्व स्त्रियांस लागू झाले. मी पोहोचल्यावर तिसऱ्याच दिवशी आजीबाईंचा पाय मुरगळला. वृद्ध धर्मगुरू आजाऱ्यांच्या भेटीस दूर गेले होते. दुपार झाली. मी नित्याप्रमाणे जेवणाच्या मेजाशी जाऊन बसलो, आणि बसूनच राहिलो. आजीबाई सुजलेला पाय स्टुलावर ठेवून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग शांतपणे विचारले, “दोन, तुमच्या देशात ताटे चालत येतात काय?” तिकडे धर्मगुरूस ‘दोन’ म्हणतात. माझे वय तेव्हा एकोणतीस. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांच्या परीक्षा मी उत्तीर्ण झालो होतो. परंतु मला कांदा चिरता येत नव्हता.

त्या दिवशी त्यांनी खुर्चीवरून सांगावे आणि मी हातांनी करावे, असा पहिला पाठ झाला. प्रथम कांदा, गाजर व सेलरीचा दांडा ही तिन्ही अगदी बारीक चिरावयाची आणि तेलात मंद आचेवर परतावयाची. यास ‘सोफ्रित्तो’ म्हणतात. आपली फोडणी तडतडली पाहिजे. त्यांची तडतडता कामा नये. दहा-पंधरा मिनिटे धीर धरून ती भाजी पारदर्शक होऊ द्यावी. मी घाईने आच वाढविली तेव्हा आजीबाईंनी काठीने जमिनीवर टकटक केले. इटालियन स्वयंपाकात मसाले फारसे नाहीत. मसाल्याचे काम तेथे सबुरी करते, हे मी त्या टकटकीवरून शिकलो.

मग त्यांनी मला एक धान्याची बरणी आणावयास सांगितली. ते धान्य मुठीत घेताच मी चकित झालो. तिकडे त्यास ‘फार्रो’ म्हणतात. आणि आपल्याकडे सांगली-साताऱ्याच्या बाजूस ज्यास खपली गहू म्हणतात, ज्याची आपण खीर करतो, तेच हे धान्य! रोमन लोकांच्या काळापासून ते इटलीत पेरले जात आहे, आणि गार्फान्यानाचा फार्रो आज सर्व देशात नावाजलेला आहे. त्याच्यासोबत शिजतो तो ठिपक्यांचा घेवडा, आपल्या वाघ्या घेवड्याचा सख्खा भाऊ. हा घेवडा मूळचा ना त्यांचा ना आपला. टोमॅटो, मिरची व मका यांप्रमाणे तोही अमेरिका खंडातून आलेला पाहुणा.

आता कृती सांगतो. पुरुषमंडळींनी लक्ष द्यावे. सहा माणसांसाठी अडीचशे ग्रॅम घेवडा रात्री भिजत घालावा व सकाळी मऊ शिजवावा. अर्धा घेवडा त्याच्याच पाण्यात घोटून घ्यावा, अर्धा अख्खा ठेवावा. सोफ्रित्तो तयार झाला की त्यात लसणाच्या दोन पाकळ्या व एक टोमॅटो घालून, वर घोटलेला घेवडा ओतावा. उकळी आली की दोनशे ग्रॅम सडलेला व भिजविलेला खपली गहू टाकून मंद आचेवर सुमारे पाऊण तास, दाणा मऊ होईपर्यंत शिजू द्यावा. बुडाशी लागू नये म्हणून मधूनमधून ढवळावे व लागेल तसे गरम पाणी घालावे. शेवटी अख्खा घेवडा व मीठ. सणावारी तेथील लोक आरंभीच डुकराच्या चरबीचा लहानसा तुकडा परततात. एरवी त्याची गरज नाही. ताटलीत वाढल्यावर कच्च्या जैतुनाच्या तेलाची एक धार सोडावी. हे सार थोडा वेळ मुरल्यावर अधिक रुचकर लागते, आणि दुसऱ्या दिवशी तर फारच.

दुसरा पाठ पास्त्याचा. पास्ता हा आपल्या शेवयांचा भाऊबंदच. वाळविलेला पास्ता कठीण गव्हाच्या रव्याचाच असावा, असा कायदा इटलीत १९६७ साली झाला; आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा. मऊ गव्हाच्या मैद्याचा पास्ता शिजताना गिजगा होतो, म्हणून पाकिटावर काय लिहिले आहे ते पाहून घ्यावे. शिजविण्याचा नियम शाळेतील पाढ्याप्रमाणे सोपा आहे: १०, १००, १०००. म्हणजे १०० ग्रॅम पास्त्यास १००० मिलिलिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. पाणी खळखळ उकळल्यावर मीठ घालावे, मग पास्ता. तो मोडू नये, आणि शिजल्यावर थंड पाण्याने धुऊ तर मुळीच नये. दाताखाली किंचित लागेल इतपतच तो शिजवावयाचा.

चार माणसांसाठी चारशे ग्रॅम स्पागेत्ती शिजत असता, दुसऱ्या पसरट भांड्यात पाच-सहा मोठे चमचे तेल, लसणाच्या चार पाकळ्यांचे काप आणि एक-दोन सुक्या मिरच्या मंद आचेवर ठेवाव्या. लसूण पिवळसर व्हावा. तांबडा झाला की कडवट झाला. पास्त्याचे थोडे पाणी वाटीभर काढून ठेवावे. त्या पाण्यात पिठाचा अंश उतरलेला असतो. तेलात ते घालून हलविले की पाणी आणि तेल एकजीव होऊन दाटसर रस होतो. त्यात निथळलेली स्पागेत्ती घोळवावी व लगेच वाढावी. एवढेच! दक्षिण इटलीत रात्री उशिरा अवचित पाहुणे आले तर गृहिणी हेच करते. शुक्रवारी व प्रायश्चित्तकाळात मांस वर्ज्य असल्यामुळे असे पदार्थ तेथे पिढ्यान् पिढ्या चालत आले, आणि इटालियन पाकपुस्तकांत त्यांस ‘माग्रो’, म्हणजे बिनमांसाचे, अशी वेगळी संज्ञाच आहे.

तिसरा पाठ शिळ्या पावाचा. इटलीतील जुनी माणसे पाव मेजावर उलटा ठेवू देत नाहीत, मग फेकून देणे दूरच. टस्कनीत शिळा पाव, घेवडा व काळसर पानांची कोबी यांचे सार करतात. उरलेले दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात, आणि त्याचे नावच ‘रिबोल्लिता’, म्हणजे ‘पुनरपि उकळलेले’. उन्हाळ्यात तोच पाव भिजवून, पिळून, त्यात टोमॅटो, कांदा, तेल व शिरका घालून कोशिंबीर करतात. सिसिलीत तर शिळ्या पावाचा चुरा तेलात खमंग भाजून चीजच्या ऐवजी पास्त्यावर भुरभुरवितात. १९ मार्च, संत योसेफाचा सण, या दिवशी हा पदार्थ हटकून असतो. तो चुरा म्हणजे योसेफ सुताराच्या कारखान्यातील लाकडाचा भुसा, असे तेथील भाविक प्रेमाने सांगतात. त्या दिवशी सिसिलीतील गावांत ‘संत योसेफाचे मेज’ मांडले जाते. परंपरेप्रमाणे गरिबांस पवित्र कुटुंबाच्या ठिकाणी मानून सन्मानाने बसवितात. घरचा यजमान उभा राहून वाढतो, आणि त्यांचे झाल्यावर इतरांचे. ही रीत कृपा करून ध्यानात ठेवा. तिच्याकडे मला शेवटी परत यावयाचे आहे.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. साधेपणाचे गुणगान करता करता दारिद्र्याचे गुणगान होऊ नये. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत उत्तर इटलीतील हजारो शेतमजूर मक्याच्या पोलेंतावरच दिवस काढीत. त्यांस पेलाग्रा नावाचा भयंकर रोग जडे. कातडी सोलवटे, पोट बिघडे, आणि अखेर बुद्धिभ्रंश होई. मक्यातील एक आवश्यक जीवनसत्त्व शरीरास सहज मिळत नाही. मेक्सिकोतील मूळचे लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत, त्यामुळे ते जीवनसत्त्व मोकळे होई. युरोपने मका घेतला, पण ही युक्ती घेतली नाही. जमीनदाराच्या ताटात मांस, दूध, भाज्या. मजुराच्या ताटात एकच पिवळा गोळा. ते साधे जेवण नव्हते, तो अन्याय होता. साधे जेवण म्हणजे आपण होऊन निवडलेले, सकस, आणि सर्वांस सारखे वाटलेले जेवण. हा भेद आपण विसरता कामा नये.

आता ज्या हातांनी हे सर्व केले त्या हातांविषयी. पेल्लेग्रिनो आर्तुझी नावाचे एक गृहस्थ १८२० साली फोर्लिंपोपोली गावी जन्मले व फ्लॉरेन्स येथे राहू लागले. त्यांनी १८९१ साली स्वखर्चाने एक पाकपुस्तक छापले, कारण प्रकाशक मिळेना. प्रथम त्यात ४७५ कृती होत्या. पुढे देशभरच्या वाचकांची, विशेषतः गृहिणींची, पत्रे येत गेली, आणि लेखकाच्या हयातीतील शेवटच्या आवृत्तीत त्या ७९० झाल्या. नव्याने एक झालेल्या राष्ट्रास एकमेकांच्या चुलींची ओळख या पुस्तकाने करून दिली. परंतु कृती करून, चाखून, पुन्हा करून पाहात होते ते आर्तुझींच्या घरचे स्वयंपाकी, मारिएत्ता साबातिनी व फ्रांचेस्को रुफ्फिल्ली. एका गोड पावाच्या कृतीस मारिएत्तेचेच नाव आहे. १९११ साली आर्तुझी मरण पावले, तेव्हा पुस्तकाचे हक्क त्यांनी या दोघांस ठेविले होते. ज्याच्या हाताचे खाल्ले त्याचे ऋण मान्य करणारे ते मृत्युपत्र मला फार उदात्त वाटते.

आणि ज्या लुक्का नगराच्या आसमंतात मी कांदा चिरावयास शिकलो, तेथेच संत झिता यांचे पवित्र अवशेष आहेत. ह्या बाई एका घरी वयाच्या बाराव्या वर्षी चाकरीस राहिल्या आणि १२७२ साली त्याच घरी निवर्तल्या. गरिबांसाठी त्या पदरात नेत असलेल्या पावांची धन्याने झडती घेताच त्यांची फुले झाली, अशी आख्यायिका आहे. १६९६ साली त्यांस संतपद देण्यात आले. एका मोलकरणीस वेदीवर स्थान मिळाले. आपण मात्र आपापल्या घरच्या राबणाऱ्या हातांस मेजावर तरी स्थान देतो काय?

हा प्रश्न मी दुसऱ्यांस विचारीत नाही. मी स्वतःस तो फार उशिरा विचारला. २००१ साली मी मायदेशी परतलो, तेव्हा आई आजारी होती. आमच्या घरची रीत पुष्कळांच्या घरी असते तीच होती. आधी वडील आणि आम्ही मुलगे, मग बहिणी, सरतेशेवटी आई. मी सेमिनरीत गेल्यापासून तर तव्यावरची भाकरी थेट माझ्याच ताटात येई. माझ्या आयुष्याच्या एकतीस वर्षांत आईला गरम अन्न खाताना मी कधी पाहिले नव्हते. आणि पाहिले नव्हते हेही मला ठाऊक नव्हते.

एके सायंकाळी मी बहिणीस बाजूस बसविले आणि तेच फार्रोचे सार करावयास घेतले. खपली होता, वाघ्या घेवडा होता. सेलरी नव्हती, तिच्या जागी कोथिंबिरीच्या काड्या घेतल्या. जैतुनाचे तेल नव्हते, म्हणून शेंगदाण्याचे. घेवडा थोडा कच्चाच राहिला. आईच्या खाटेशी बसून मी तिला वाफाळलेले ताट दिले, आणि आम्ही सर्वजण तिच्यानंतर वाढून घेतले. मी धर्मगुरू झाल्यापासून ती मला ‘फादर’ म्हणे, त्या दिवशी मात्र लहानपणच्या नावाने हाक मारून म्हणाली, “मीठ कमी आहे रे. पण गरम आहे.” पुढच्या वर्षी पावसाळ्यापूर्वी ती देवाघरी गेली. तिला असे वाढण्याची संधी मला त्यानंतर दोन-तीन वेळाच मिळाली.

बंधूंनो, माझी आपणांकडे एवढीच विनंती आहे. आठवड्यातून एक सायंकाळ घरच्या पुरुषांनी व मुलग्यांनी चूल हाती घ्यावी. बेत साधा असावा, चार जिनसांचा. मी सांगितलेल्यांपैकी कोणताही चालेल. घेवडा कच्चा राहिला, लसूण करपला, तरी हरकत नाही. त्या सायंकाळी दूरदर्शन व मोबाइल बंद असावेत, सर्वांनी एकत्र बसावे, आणि पहिले ताट जिने आजवर शेवटचे घेतले तिला द्यावे. अशी प्रतिज्ञा आपल्या धर्मग्रामातील घराघरांत पाळली गेली, तर या सुवर्णमहोत्सवाचे खरे स्मारक उभे राहील. दगडाचे स्मारक नसले तरी चालेल.

आणि आरंभ आजच करू. थोड्याच वेळात जेवणाची घंटा होईल. पहिली पंगत मंडपामागे राबलेल्या भगिनींची बसेल. वाढपी म्हणून समितीचे सर्व सभासद उभे राहतील, आणि त्यांच्यासोबत मीही. चिटणीसांना मी हेही आधी कळविले नव्हते. परंतु त्यांनी बाह्या वर सारल्या आहेत असे मला येथून दिसत आहे.

परमेश्वर आपल्या सर्वांच्या चुलींस व त्यांपाशी राबणाऱ्या हातांस आशीर्वाद देवो. आमेन.